फक्त दोनच वस्तू

या इमारतीत स्लॉट कुणी मागत नाही. मागणं असभ्य समजतात. इथे माणसं फक्त सहज विचारतात. ‘सहज विचारतेय, उद्या तुमचं काही सामान येणार आहे का?’ एवढं ग्रुपवर लिहायचं, पुढे जोडलेले दोन हात ठेवायचे आणि वाट बघायची. समोरचा ‘हो’ म्हणाला की लगेच तुटून पडायचं नाही, ते बरं दिसत नाही. आधी त्याच्या घरच्यांची तब्येत विचारायची, मग ‘मुद्दाम नको हं, जमलं तरच’ म्हणायचं आणि मग ‘फक्त दोनच वस्तू’ कळवायच्या. दोनाच्या चार करणारा ‘अय्या, एक राहिलंच की’ हा मेसेज संध्याकाळी येतो. त्यालाही नाही म्हणायचं नसतं.

साथीचे दिवस होते. दुकानांची शटरं उतरलेली, जी एखाददोन अर्धी उघडत त्यांच्या फळ्या रिकाम्या, आणि घरपोच सामान देणारी कंपनी उरली होती एकच. रोज सकाळी सातला तिच्या अ‍ॅपवर दुसऱ्या दिवशी सामान पोचवायच्या वेळा, म्हणजे स्लॉट, उघडत आणि गॅसवरचं दूध वर यायच्या आत संपून जात. एका ऑर्डरीत चाळीस नग बसत. एकेचाळिसावा टाकला की अ‍ॅप सरळ नाही म्हणे. अख्ख्या इमारतीत तोंडावर नाही म्हणणारं तेवढं एकच होतं.

या सगळ्या सौजन्याचे कारभारी म्हणजे दादा. कुणाचेच सख्खे दादा नव्हते ते. विमा कंपनीतले अधिकारी होते, सध्या जेवणाच्या टेबलावरून ऑफिस चालवत होते आणि इमारतीचा ग्रुपही तिथूनच चालवत होते. स्लॉटबाबत कसं वागावं याचे नियम त्यांनी स्वतः लिहून ग्रुपच्या माथ्यावर लावले होते. गरजूला आधी द्यावा. नको असलेला स्लॉट अडवून ठेवू नये. आभार ग्रुपवर मानून गर्दी करू नये, खासगीत मानावेत. हा शेवटचा नियम कुणी पाळला तर मात्र दादांना दिवसभर चैन पडत नसे.

स्लॉट पकडण्याचं म्हणाल, तर तो दादांनी एकदाही पकडला नव्हता. सातला ते घोरत असत. पकडायच्या त्यांच्या बायको, म्हणजे इमारतीच्या वहिनी. वहिनी कोर्टात टंकलेखक. साक्षीदाराचं वाक्य संपायच्या आत कागदावर उतरवण्यात त्यांची वीस वर्षं गेलेली, तेव्हा कोर्ट बंद पडल्यावर ती बोटं स्लॉटच्या मागे लागली. तीनचार दिवसांतून एकदा तरी मिळायचाच. खातं दादांच्या नावावर होतं, त्यामुळे ‘दादांना स्लॉट मिळाला’ असं इमारत म्हणायची आणि दादा ‘छे हो, आपलं चालतं असंच’ म्हणून मान खाली घालायचे. वहिनींना प्रत्येक वेळी कोपरापासून हात जोडावेसे वाटत.

दादा भिडस्त आहेत, असं सगळे म्हणत. वहिनींचं मत वेगळं होतं. ज्याला नाही म्हणताच येत नाही तो भिडस्त. दादांना ते उत्तम येत होतं, फक्त तो शब्द त्यांनी घरच्यांसाठी राखून ठेवला होता.

घरच्यांत आणखी एक जण होते. आतल्या खोलीत, खिडकीपाशी, उंचावता येणाऱ्या खाटेवर वहिनींचे वडील असत. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात बराचसा सुधारला, बोलणं अडखळत का होईना परत आलं, पण गिळणं बिघडलं ते बिघडलंच. साधं पाणी त्यांच्या घशातून पोटात जाण्याऐवजी छातीत उतरे. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, ‘पातळ काहीही द्यायचं नाही. एकदा फुप्फुसात गेलं तर या वयात सोसणार नाही.’ म्हणून पाणी, चहा, औषध, सगळ्यात एक पांढरी पावडर घालायची, ढवळायचं, थोडं थांबायचं, आणि ते मधासारखं घट्ट झालं की हनुवटी खाली धरून चमच्याचमच्याने पाजायचं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने ‘वरूनच येत नाही’ म्हणून हात वर केले होते. ती पावडर आता फक्त त्या कंपनीकडे होती, आणि घरातल्या डब्याचा तळ दिसायला लागला होता.

त्या सकाळी स्लॉट मिळाला तेव्हा वहिनींनी मीठ-साखरेच्या आधी पावडरचे दोन डबे टाकले. मग बाकीचं. मग ग्रुपवरची सहज विचारलेली मंडळी: तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची कॉफी, शिकवणीच्या बाईंचे पापड आणि केसांचा रंग. चाळीस झाले. ऑर्डर पक्की झाली. संध्याकाळपर्यंत तिच्यात बदल करता यायचा, म्हणून वहिनींनी दादांना मुद्दाम सांगितलं.

“अहो, बाबांचे डबे टाकलेत. आता त्याला हात लावू नका.”

“हो गं,” दादा म्हणाले. नजर फोनवरच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामान आलं. जिन्याच्या चौकात दादांनी पिशव्या मांडल्या आणि प्रत्येकाला फोन करून बोलावलं. खरं तर पिशवी दारात ठेवून येणं सोपं होतं, पण मग आभार मानायला माणूस समोर कसा येणार? एकेक जण यायचा, लांब उभं राहून ‘तुम्ही आहात म्हणून हो’ म्हणायचा, आणि दादा मास्कच्या आत फुलायचे.

वहिनी घरात आपल्या पिशव्या रिकाम्या करत होत्या. पीठ, तेल, साबण. शेवटच्या पिशवीत काचेच्या दोन उंच बाटल्या निघाल्या. बुडबुडेवालं पाणी, परदेशी, लिंबाच्या वासाचं. डबे नव्हते. त्यांनी पिशव्या उलट्या करून झटकल्या. कंपनीने माल संपला म्हणून वगळले असतील, असं वाटून बिल काढलं. बिलात डब्यांचं नावच नव्हतं.

“अहो, बाबांचे डबे कुठेत?”

दादा नुकतेच आत आले होते, चेहऱ्यावर आभार तसेच होते. “अगं, ते होय. काल संध्याकाळी अध्यक्षीणबाईंचा मेसेज आला. फक्त दोनच वस्तू होत्या त्यांच्या. चाळीस तर भरलेले. म्हटलं, घरात डबा आहे अजून, बाबांचं पुढच्या वेळी मागवू.”

सोसायटीचे अध्यक्ष वरच्या मजल्यावर राहत. अध्यक्षीणबाईंना जेवणानंतर हे पाणी लागतं, त्याशिवाय जड वाटतं, हे इमारतीत सगळ्यांना पाठ होतं.

“मग आपला साबण काढायचा. डॉक्टरांची कॉफी काढायची. केसांचा रंग काढायचा!”

“त्यांना शब्द दिला होता मी. ऐन वेळी काढणं बरं दिसलं असतं का?”

“आणि बाबांचं काढणं बरं दिसलं?”

“अगं, बाबा आपलेच आहेत,” दादा समजुतीच्या सुरात म्हणाले. “ते समजून घेतात.”

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी स्वयंपाकघरातून डबा आणला, झाकण उघडलं आणि दादांच्या नाकाखाली धरला.

“खरवडून जेमतेम एका पेल्याचं निघेल. उद्या सकाळी सातला स्लॉट मिळाला, तरी सामान परवा. तोवर काय पाजू? हे पाजू?” त्यांनी बुडबुड्यांची बाटली उचलली.

दादांनी डब्यात पाहिलं. डबा इतका रिकामा असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. क्षणभर त्यांचा चेहरा पडला, पण असा माणूस फार वेळ पडलेला राहत नाही.

“थांब. इतक्यांचं केलंय मी. उद्याचा स्लॉट असलेलं कुणी ना कुणी दोन डबे घालेलच.”

“सहज विचारू नका,” वहिनी म्हणाल्या. “मागा.”

दादा डबा घेऊन जिना उतरले. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. तळमजल्यावरून डॉक्टरांचा आवाज आला, “अरेरे! आधी सांगायचंत ना दादा. आत्ताच पक्कं करून बसलो.” ऑर्डर संध्याकाळपर्यंत बदलता येते, हे डॉक्टरांना माहीत होतं. ते दादांनाही माहीत होतं. पण तसं तोंडावर म्हणणं सौजन्यात बसत नव्हतं, म्हणून दादा म्हणाले, “छे छे, असू द्या.” शिकवणीच्या बाई म्हणाल्या, “आमचेही चाळीस झाले हो, नाहीतर तुम्हाला नाही म्हटलं असतं का?” दादा म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.” मग पावलं वर गेली. अध्यक्षांच्या दारात बराच वेळ बोलणं चाललं. त्यांचंही सामान उद्या यायचं होतं. अध्यक्षांनी घट्ट पाण्याऐवजी कोमट पाणी देऊन बघायला सांगितलं, त्यांच्या एका काकांना त्याने गुण आला होता. त्या काकांना काय झालं होतं, हे त्यांना नीट आठवत नव्हतं.

दादा परत आले तेव्हा डबा रिकामाच होता, पण हात अगदी रिकामे नव्हते.

“सगळ्यांना फार वाईट वाटलं,” ते म्हणाले. “आणि ऐक, उद्या तुला स्लॉट मिळाला तर शिकवणीच्या बाईंना फक्त...”

वहिनींनी त्यांचा फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं टंकून झाली होती, आज पहिल्यांदा स्वतःचं टंकलं. ग्रुपवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, जोडलेले हात न ठेवता.

‘अध्यक्षीणबाईंच्या दोन बाटल्या पाण्यासाठी माझ्या वडिलांची औषधी पावडर काल ऑर्डरीतून काढली. ती नसली तर त्यांना पाणी पाजता येत नाही. अध्यक्षांचं सामान उद्या येतंय. त्यातल्या दोन वस्तू काढून हे दोन डबे घालावेत. बाटल्या जिन्यात ठेवतेय, घेऊन जाव्यात.’

ग्रुपवर असं काही कुणी कधी लिहिलं नव्हतं. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा तेवढ्या उमटत होत्या. मग अध्यक्षांचा मेसेज आला. ‘घातले आहेत.’ पुढे एक शब्द नाही, फूल नाही. सगळ्या गोड बोलण्याने जे झालं नव्हतं ते एका उद्धटपणाने झालं होतं.

दादा मात्र खुर्चीत कोसळले होते. “काय केलंस हे! तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस. माझ्या नावाने लिहिलंस. लोक काय म्हणतील?”

“डबे येताहेत,” वहिनी म्हणाल्या. “ते ऐकलंत का?”

“अगं पण पद्धत असते काही...”

वहिनींचे हात अजून थरथरत होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाबांच्या पाण्याची वेळ कधीच टळून गेली होती. डबा खरवडून त्यांनी पेल्यात पावडर घातली, ढवळली, आणि पेला-चमचा दादांच्या हातात दिला.

“तुम्ही पाजा. माझ्याने सांडेल.”

दादांनी सासऱ्यांना आजवर कधी पाजलं नव्हतं. ते चमचा सांभाळत आत गेले, वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. बाबा जागेच होते. पातळ भिंतीच्या पलीकडे ते सगळं ऐकत पडले होते, हे दोघांच्याही लक्षात तेव्हाच आलं. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पेला पाहून त्यांनी बरा हात हलवला.

“नको, जावईबापू,” ते अडखळत म्हणाले. “तहान नाही मला. राहू दे ती पावडर. उद्याला लागेल.”

“घ्या बाबा, उद्या येताहेत डबे,” दादा म्हणाले.

“कुणाची गैरसोय नको. सकाळीही मी तिला नकोच म्हटलं. खरंच नाही तहान.”

वहिनींना सकाळचं आठवलं. बाबांनी अर्ध्यावर तोंड फिरवलं होतं, आणि आज पाणी कमी जातंय म्हणून त्या त्यांनाच रागावल्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरला.

दादांनी हनुवटी खाली धरून पहिला चमचा दिला. बाबांनी तो गिळला. दुसरा गिळला. मग ते चमच्याची वाटही बघेनात, मानच पुढे यायला लागली. टेबलावर दादांचा फोन एकसारखा वाजत होता, इमारतीला आता कंठ फुटला होता. दादा उठले नाहीत. ते चमचा भरत राहिले, घाईने, सांडत, जमेल तसे. तळाशी चिकटलेलं त्यांनी दोनदा खरवडलं. मग खरवडायलाही काही उरलं नाही.

पेला रिकामा झाला होता आणि बाबांचं तोंड पुढच्या चमच्यासाठी उघडंच होतं.