पदरची पानं

सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा त्यांनी आधी चष्म्याला दोष दिला, मग दिव्याला आणि शेवटी कादंबरीच्या छपाईला. चौथ्या दिवशी अर्धं पानच काळं दिसायला लागलं, तेव्हा मुलाने त्यांना धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. लगेच शस्त्रक्रिया झाली आणि ती चांगली झाली. घोडं अडलं ते पुढच्या सूचनांवर.

"डोळ्यात आम्ही वायूचा एक बुडबुडा सोडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो पडदा आतून दाबून धरेल. पण त्यासाठी तुम्ही दोन आठवडे पालथं झोपायचं, मान खाली ठेवायची. वाचन पूर्ण बंद."

"उजव्या डोळ्याने वाचेन की."

"एक डोळा ओळीवरून फिरला की दुसराही त्याच्याबरोबर फिरतो."

सासऱ्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. एका डोळ्याला भिंग लावायचं आणि दुसरा मिटून ठेवायचा, असं चाळीस वर्षं केलेल्या माणसाला हे पटणं शक्यच नव्हतं. पण पालथ्या पडलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. जमिनीशी कितीसं भांडणार?

घरी त्यांच्या पलंगाच्या कडेला दोन उशा लावल्या, मधे फट ठेवली आणि त्या फटीत त्यांचं तोंड बसवलं. तिथून त्यांना एक फरशी आणि माणसांची पावलं दिसायची. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी फर्मान सोडलं, की कादंबरी दोनशे बाराव्या पानावर राहिली आहे, कुणीतरी पुढे वाचून दाखवा.

कादंबरी चांगली सहाशे चाळीस पानांची. नदीवर होडी चालवणारा एक माणूस, त्याची अबोल बायको आणि त्याच नदीवर बांधला जाणारा पूल. मुलगा औषधाच्या दुकानात कामाला होता. त्याने प्रामाणिकपणे दीड पान वाचलं.

"थांब," खालून आवाज आला. "दिवसातून दोनदा जेवणानंतर घ्या, अशा सुरात वाचतोयस तू. होडीवाल्याचा भाऊ वारलाय तिथे."

म्हणून पुस्तक सुनेकडे आलं.

सून पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. सकाळी साडेनऊपासून लोक तिच्यापुढे येऊन पाणी आलं नाही, फार आलं, गढूळ आलं, शेजाऱ्यांकडेच आलं, असं सांगत. संध्याकाळपर्यंत तिला स्वतःचा आवाज नकोसा व्हायचा. त्यात कादंबरीकाराने दोनशे तिसाव्या पानापासून नदीची खोली मोजायला काढली होती. होडीवाला बांबू टाकायचा, पाणी कुठवर आलं ते पाहायचा, आपल्या बापाच्या काळी किती होतं ते आठवायचा आणि पुन्हा बांबू टाकायचा. असं चाळीस पानं. दुसऱ्या संध्याकाळी सून वाचता वाचताच पेंगली आणि तीच ओळ तिने तीनदा वाचली.

"किती सुंदर लिहिलंय," सासरे म्हणाले. "पाणी तेच तेच असतं ना, म्हणून ओळही तीच."

तिला हसावं की रडावं कळेना. आत जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, की उद्यापासून हे मला जमणार नाही.

"यावर सिनेमा निघालाय," नवरा म्हणाला. "दोन तासांत आटपतो. बघून टाक आणि थोडक्यात सांग."

"बाबांना? सिनेमा?"

सासऱ्यांच्या लेखी पुस्तकावर काढलेला सिनेमा म्हणजे घड्याळाची टिकटिक काढून टाकून नुसती तबकडी भिंतीला लावणं. तीस वर्षांत त्यांनी चित्रपटगृहाची पायरी चढलेली नव्हती. पण नवरा म्हणाला, "त्यांना काय दिसतंय? तुझी पावलं."

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत सुनेने कार्यालयाच्या कोपऱ्यात बसून, कानात इयरफोन घालून, फोनवर सिनेमा पाहिला. मधली एक संध्याकाळ घसा बसल्याचं सांगून टाळली. चौथ्या संध्याकाळी ती पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली, पुस्तक मांडीवर उघडलं आणि त्यात न बघता सांगायला सुरुवात केली. अधूनमधून एखादं पान उलटायची, म्हणजे आवाज व्हावा.

पहिल्या दिवशी घाबरून तिने दोनदा एकदम चार-चार पानं उलटली. दुसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "लेखकाने वेग पकडला बघ आता." तिसऱ्या दिवशी होडीवाल्याने पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी स्वतःच्या हाताने होडी पेटवली, तेव्हा उशांच्या फटीतून नाक ओढल्याचा आवाज आला.

पंचाईत अशी झाली की सिनेमा संपला आणि पालथं झोपायचे आठ दिवस उरले. दोन तासांचा माल तिने तीन संध्याकाळी पुरवला होता. आता पुन्हा पुस्तकाकडे वळावं, तर पुस्तकात होडी पेटलेलीच नव्हती. तिथे होडीवाला मुकाट्याने पुलावर चौकीदार झाला होता आणि होडी काठावर कुजत होती. जळालेली होडी कुजवणार कशी?

मग सुनेने पदरचं घालायला सुरुवात केली.

सिनेमाभर तिला एक गोष्ट खटकली होती. होडीवाल्याच्या बायकोने अख्ख्या दोन तासांत एक शब्द काढला नव्हता. पुस्तक चाळलं, तर तिथेही बाई गप्पच. तेव्हा सुनेने तिला उठवलं, पायात चपला घालायला लावल्या आणि पुलाच्या कार्यालयात तक्रार करायला पाठवलं. खिडकी म्हणजे काय ते सुनेइतकं कुणाला ठाऊक असणार?

"नाव काय?" खिडकीतला कारकून विचारतो.

"होडीवाल्याची बायको."

"ते नाव नाही, नातं आहे. पलीकडच्या खिडकीवर जा."

पलीकडच्या खिडकीवर दुसरा कारकून. "तक्रार कशाबद्दल?"

"पुलाबद्दल."

"पूल पडलाय का?"

"नाही. बांधलाय."

"बांधल्याची तक्रार इथे घेत नाहीत. पडल्यावर या."

सासरे इतके हसले की पलंग करकरायला लागला. सून घाबरून उठली. "बाबा, हळू. तो बुडबुडा."

"असू दे गं. पुढे वाच."

ती बाई आठ दिवस त्या कार्यालयात फिरत राहिली. या टेबलावरून त्या टेबलावर, या साहेबाकडून त्या साहेबाकडे. कधी शिक्का नव्हता, कधी शिक्का होता पण शाई नव्हती. सुनेला दिवसभर जे जे भेटत होते ते सगळे संध्याकाळी कादंबरीत यायला लागले. कामावर कुणी अंगावर आलं की पूर्वी तिचं डोकं उठायचं, आता ती मनातल्या मनात म्हणायची, हा आज संध्याकाळी उपयोगी पडेल. नवरासुद्धा दुकानातून लवकर यायला लागला आणि दाराला टेकून ऐकायला लागला. चौदाव्या दिवशी बाई मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसली होती. आणि डॉक्टरीणबाईंनी मान वर करायची परवानगी दिली.

"बाकीचं तुम्ही बरे झालात की स्वतःच वाचा," सून म्हणाली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. वाचायची मनाई अजून तीन आठवडे होती. तोवर काही ना काही सुचेल, असं तिला वाटलं.

पण चौथ्याच दिवशी सासऱ्यांचे मित्र भेटायला आले. हे गृहस्थ कचेरीत टंकलेखक होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द बडवल्यामुळे निवृत्तीनंतर छापलेल्या अक्षराकडे बघायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते फक्त सिनेमे बघत. पुस्तक चांगलं की सिनेमा, यावरून दोघांचं वीस वर्षं भांडण चाललेलं होतं आणि मैत्री बहुधा त्याच्यावरच टिकली होती.

"ती होडीवाल्याची कादंबरी ऐकली," सासरे म्हणाले. "तुझ्या सिनेमावाल्यांना सात जन्मांत जमायची नाही."

"तीनदा पाहिलाय मी तो सिनेमा. होडी पेटवतो तिथे प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी आलं."

"होडी घेतली असेल उचलून. आणि ती बाई? कार्यालयात जाते ते दाखवलंय?"

"कुठली बाई?"

"बायको त्याची. खिडकीवर जाते, तक्रार करते."

टंकलेखकांनी कपाळ खाजवलं. "ती बोलतच नाही रे. पाठमोरी भांडी घासते."

सासऱ्यांनी हाताने मांडीवर थाप मारली. "बघ. हेच म्हणतो मी. पुस्तकातला जीव होता तोच कापला आणि भांडी तेवढी ठेवली."

सून चहा घेऊन येत होती. तिने घाईघाईने ट्रे दोघांच्या मधे ठेवला.

"दे ते पुस्तक," टंकलेखक म्हणाले. "मीच बघतो कुठे आहे ती खिडकी."

"तू वाचणार?"

"एकदा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

सुनेने पुस्तक सापडत नाही म्हणून पाहिलं. ते सासऱ्यांच्या उशाशीच होतं. पुस्तक पिशवीत घालून टंकलेखक निघून गेले. सहाशे चाळीस पानं बघून म्हातारा दहाव्या पानावर झोपेल, असं म्हणून नवऱ्याने तिची समजूत घातली.

टंकलेखक झोपले नाहीत. अठरा दिवसांनी ते परत आले, तेव्हा पुस्तकातून कागदाच्या चिठ्ठ्या डोकावत होत्या. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ओळ न् ओळ वाचली. कचेरीत मजकूर ताडून पाहायचो तशी. बाई खिडकीवर गेलेली नाही. होडीही पेटलेली नाही."

"तुझी पानं चिकटली असतील."

"पानं मोजली. पण मी भांडायला आलो नाही. ते पाणी मोजतो ना तो, चाळीस पानं? ती मी दोनदा वाचली. सिनेमात नदी नुसती लांब दिसते रे. इथे ती खोल आहे." एवढं बोलून ते जरा ओशाळले. "आणखी असलं काही असेल तर दे वाचायला."

सासरे मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते सुनेकडे बघत होते. पाच आठवड्यांनी त्यांचा डावा डोळा पुरता उघडा होता आणि त्यात आता वायू वगैरे काही उरलेलं नव्हतं.

सुनेने ट्रे खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पेंगणं, फोन, जेवणाची सुट्टी, आणि सिनेमा संपल्यावरचं पदरचं. सांगताना ती फरशीकडे बघत होती.

सासरे उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं. त्या रात्री ते जेवायला आले, पण मुलाशीच बोलले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी सून कामावर निघाली, तेव्हा ते दारात उभे होते.

"घड्याळ माझं दुरुस्तीला घेतलंस," ते म्हणाले, "आणि आत दुसऱ्याच घड्याळाची चाकं बसवलीस. वर काही घरी घडवलेली. माझ्या दुकानात कुणी असं केलं असतं तर हाकलला असता."

"चुकलं, बाबा." मग तिला राहवेना. "पण चालत तर होतं ना ते?"

सासऱ्यांनी तिची छत्री तेवढी खुंटीवरून काढून तिच्या हातात दिली.

त्या रविवारी ते स्वतःहून म्हणाले, की मला तो सिनेमा बघायचाय. मुलाच्या हातातला तांब्या पडता पडता राहिला. टंकलेखकांच्या घरी मोठा टीव्ही होता. दुपारी चौघे तिथे जमले. यजमानांनी पडदे ओढले आणि स्वतः दिव्याजवळ बसून मांडीवर नवीन पुस्तक उघडलं. सिनेमा त्यांचा पाहून झाला होता.

पहिला अर्धा तास सासरे हाताची घडी घालून बसले. मग पडद्यावर बायको आली आणि पाठमोरी भांडी घासायला लागली. सासरे पुढे झुकले. भांडी संपली. बाईने हात पुसले, दाराकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली.

"अगं बोल की," सासरे म्हणाले. "चपला घाल."

"शू," टंकलेखक पुस्तकातून मान वर न करता म्हणाले.

होडी पेटली तेव्हा मुलाचे डोळे ओले झाले. सासऱ्यांचे कोरडे होते. नावं वर सरकायला लागल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कसा वाटला?" टंकलेखकांनी विचारलं.

"होडी बरी जाळलीय. पण सूनबाईने जाळली होती तेव्हा वारा होता. इथे वाराच नाही."

घरी जाताना बसमध्ये मुलगा पुढे उभा राहिला आणि सासरे-सून शेजारी बसले. दोन थांबे गेले. सून खिडकीतून बंद दुकानं बघत होती.

"त्या बाकावर किती दिवस बसवणार आहेस तिला?" सासऱ्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर. महिना होत आला. भुकेने मेली असेल."

सून हसली. "बाबा, ती पुस्तकात नाही. आता पुस्तक तुम्हीच वाचा ना. डोळा बरा झालाय."

"पुस्तक वाचेनच. पाणीही मोजेन, त्याने एवढं सांगितलंय तर. पण ती काही त्यात भेटायची नाही, सिनेमातही भेटली नाही. मग मी चौकशी कुणाकडे करायची? कुठल्या खिडकीवर?"

सुनेने पर्स मांडीवर सरळ केली. काल एक म्हातारी तिच्या खिडकीवर येऊन, तक्रार काहीच नाही, नळाला पाणी छान येतं एवढंच सांगायला आले, असं म्हणाली होती आणि ते नोंदवायला कुठला रकाना भरावा हे अख्ख्या कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं.

"साहेबांनी आत बोलावलं तिला," सून म्हणाली. "पण साहेबांच्या खुर्चीत साहेब नव्हतेच."

"मग कोण होतं?" सासऱ्यांनी विचारलं, आणि पुढे उभा असलेला मुलगा दांडा सोडून त्यांच्याजवळ सरकला.