थंड अंडं

सासऱ्यांनी जन्मभर सुतारकाम केलं. हात थरथरायला लागल्यावर त्यांच्याकडे एकच काम उरलं, रोज सकाळी परसातल्या खुराड्यातून अंडी आणायचं. कोंबड्या म्हाताऱ्या व्हायला लागल्या तसा नवरा म्हणाला, "अंडी बंद झाली की खाटकाला देऊन टाकू. नुसतं बसून खाणारं घरात नको." सासरे शेजारीच चहा पीत होते. बापासमोर काय बोलावं, एवढीही अक्कल नाही या माणसाला.

अंडी बंद झाली तेव्हा मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. रोज पहाटे फ्रिजमधलं एक अंडं खुराड्यात ठेवायला लागले. आठ महिने हे नाटक बिनबोभाट चाललं.

काल सासऱ्यांनी अंडं माझ्या हातावर ठेवलं. "सूनबाई, नुकतं घातलेलं अंडं कोमट असतं. हे गार आहे. पहिल्या दिवसापासून गारच येतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग बोलला का नाहीत, बाबा?"

"कोंबड्या गेल्या असत्या. मग सकाळी उठायचं कशासाठी?"

"आणि आज का बोललात?"

"कंटाळा आला."

आज मी अंडं गरम पाण्यात धरलं, पुसलं आणि खुराड्यात ठेवलं. आता दहा वाजलेत. सासरे भिंतीकडे तोंड करून जागेच पडलेत. अंडं केव्हाच गार झालंय.