मडगार्डावरची खडूची रेघ

माझा धाकटा भाऊ नृसिंह आणि त्याचा मित्र पिराजी यांनी १९७४ साली उद्यमनगरात एका जुन्या हेराल्ड मोटारीची शर्यतीची गाडी केली. टप काढला, पत्रा कापून गाडी बुटकी केली. इंजिन गॅरेजवाल्या लालासाबमामांनी बांधलं. आमच्या लहानपणापासून घरातली प्रत्येक मोटर त्यांच्याच हाताखालून गेलेली. शर्यत मद्रासजवळ होती आणि गाडी नृसिंह चालवणार होता.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, म्हणून चाकांचं माप मला विचारलं गेलं. बारा इंची चाक घेतलं तर गाडी लवकर उचलेल, पण चाकाच्या एका फेऱ्यात अंतर कमी कापेल. लांब सरळ रस्त्यावर इंजिन नुसतं ओरडत राहील. मी तेराच ठेवायला सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. राहिली रुंदी.

पिराजीने पुण्याहून रुंद टायर आणले होते. "आता कशी गाडी दिसतीया! सायकलीच्या चाकावर मद्रासला जाऊन हसं करून घ्यायचं काय?"

रुंद टायर वळणावर रस्ता घट्ट धरतो, हे खरं. पण तो स्टिअरिंगही जड करतो. आदल्या वर्षी मोटरसायकलवरून पडून नृसिंहचं डावं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण मनगट पुरतं वळत नसे. ते वळत नसल्याची गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. पिराजीला कळली असती तर गाडी त्याने स्वतःच चालवली असती, आणि नृसिंह तर वर्षभर त्या एका शर्यतीसाठी जगत होता.

पुढची दोन चाकं चढवून झाली. मामांनी मडगार्डाच्या आतल्या कडेला खडूची जाड रेघ ओढली. टायर घासला तर खडू टायरवर उतरणार.

"फिरव रं," ते म्हणाले.

नृसिंहने स्टिअरिंग फिरवलं. उजव्या हाताने ओढत, डाव्या कोपराने रेटत. चेहरा हसरा ठेवला होता, पण कपाळावर घाम आला होता. मामा समोर उकिडवे बसले होते. त्यांची नजर त्या कोपरावर थांबली, तिथून माझ्याकडे आली. मग ते चाकाशी वाकले.

"लागतंय. ह्यो बघ खडू."

"कुठं लागतंय? बोटभर फट हाय की!" पिराजी ओरडला.

"डोळं हायत का बटणं? उभ्या गाडीत एवढं, मग वळणावर झुकल्यावर रं?"

पिराजी माझ्याकडे वळला. "ताई, तुम्हीच बघा. तुमचं माप चुकायचं न्हाय."

मी वाकून पाहिलं. टायरवर पांढरा डाग होता, गोल, अंगठ्याएवढा. मडगार्डावरची रेघ मात्र कुठेही पुसली नव्हती. मामांनी हात पाठीमागे नेले होते.

प्रयोगशाळेत मी मुलांना एकही खोटी नोंद करू देत नसे. नृसिंह माझ्याकडे पाहत नव्हता. त्याचं लक्ष स्टिअरिंगवर होतं.

"हे टायर या गाडीला बसत नाहीत," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. चालवणाराही गाडीतच धरायचा असतो, आणि ते माप आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

"मग जावा सायकलीवरच!" असं म्हणत पिराजीने पाना उचलला आणि चाकं उतरवायला तोच बसला.

मद्रासला नृसिंह सातवा आला. शेवटच्या फेरीपर्यंत स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं. परतल्यावर पिराजी अख्ख्या उद्यमनगरात सांगत सुटला, "टायरचं माप आम्ही काढलं म्हणून गाडी टिकली!"

मी पेढे घेऊन मामांकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण "मामा, तुमचे उपकार..." एवढंच म्हणून मी पुडा पुढे केला.

"कसलं उपकार? टायर लागत हुता. तुम्हीच न्हाय का सांगितलं?" त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि कोपऱ्यात पोत्याखाली ठेवलेल्या रुंद टायरांकडे मान हलवली. "त्याला म्हणावं, मनगटाला रोज तेल चोळ. पुढच्या साली ह्येच घालायचं हायत. तवा लागायचं न्हाईत."