आधी कोणाला सांगितलंस

माझी धाकटी जाऊ दातांची डॉक्टर आहे आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. घरातली एखादी गोष्ट सगळ्यांना कळायला हवी असेल तर ती तिला ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणून सांगायची, अशी आमच्याकडे पद्धतच पडली आहे. दिराची बढती, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन, माझं वाढलेलं वजन, सगळं तिच्यामार्फतच जगजाहीर झालं. म्हणून त्या सकाळी ती गप्प बसली तेव्हा मी चमकलेच.

मी डॉक्टर आहे आणि आमच्या युवा आरोग्य केंद्रात बाकीच्यांना शिकवते. डॉक्टर, नर्स, समुपदेशक, औषधं देणारे, फिजिओथेरपिस्ट, सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून. शिकवायचं एवढंच, की तरुण पोरं आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनी येत नाहीत. पोट दुखतं, झोप लागत नाही, वर्गात कोणी चिडवतं आणि मुलगा असून दुसऱ्या एका मुलावरच जीव जडलाय, हे सगळं एकाच पोराचं असतं. त्याला चार खोल्यांत चार वेळा तेच सांगायला लावायचं नाही. तो ज्याला पहिल्यांदा सांगेल तो त्याचा माणूस. पुढे कोणाला किती कळवायचं, ते त्यालाच विचारून. आणि तू आहेस तसा ठीक आहेस, हे त्याला आपल्या चेहऱ्यावर दिसलं पाहिजे, नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही. केंद्रात आता दातांचा विभागही सुरू होणार होता, त्यामुळे या तुकडीत जाऊबाईही होत्या. हॉलमध्ये ती मला ‘मॅडम’ म्हणायची आणि जिन्यात ‘ताई’.

आता घरचं सांगते. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याला मुली नाही, मुलं आवडतात हे मला केव्हाचंच कळलंय. आईच्या काळजाला कळतं वगैरे मी म्हणणार नाही, माझं कामच ते आहे. पण आपण होऊन विचारायचं नाही, मूल सांगेल तेव्हा ऐकायचं, हेही मीच शिकवते. म्हणून वाट पाहत होते. काय बोलायचं ते तयार होतं: ‘तू मला सांगितलंस, मला फार बरं वाटलं.’ मग थोडं थांबायचं. हे वाक्य मी भांडी लावताना, गाडी चालवताना, आंघोळ करताना म्हणून पाहिलं होतं. ‘फार’वर जोर द्यायचा की नाही, यावरही माझा विचार करून झाला होता. इतक्या लोकांना शिकवलेली गोष्ट एकदा माझ्या स्वतःच्या वाट्याला येणार होती, आणि ती मला हवी होती.

सकाळच्या पहिल्या फेरीत मी सगळ्यांना विचारते, एखाद्या मुलाने तुम्हाला मनातलं सांगितलं, असा प्रसंग आठवतो का? नाव न घेता सांगा. काहीजण मनापासून सांगतात, काहीजण आपलीच टिमकी वाजवतात. जाऊबाईंची पाळी आली.

“माझ्याकडे आहे एक,” ती म्हणाली. “पण सांगता येणार नाही. त्याला विचारलेलं नाही मी.”

बाकी कोणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. उलट पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्या नर्सने कौतुकाने मान हलवली. मी मात्र जाऊकडे बघत राहिले. बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायची तिला सवय आहे, तिच्याशी बोलताना लोक उगाचच ओठ मिटून घेतात. आत्ता ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती. माझ्या मुलाच्या दातांना तार आहे. ती आवळून घ्यायला तो तिच्या दवाखान्यात जातो, आणि हल्ली त्याला परत यायला उशीर व्हायला लागला होता. मला वाटायचं, मित्रांबरोबर उंडारत असेल.

म्हणजे त्याने तिला सांगितलं होतं.

“छान, असंच करायचं असतं,” असं म्हणून मी पुढच्या माणसाकडे वळले. तो काय बोलला ते मला आजही आठवत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिला सांगितलं. परवापरवापर्यंत जी ‘ती तसली मुलं’ म्हणायची आणि मी डोळे वटारले की जीभ चावायची, तिला. मी इतका अभ्यास करून, पाठांतर करून बसलेय, आणि पोरगं जाऊन मन मोकळं करतं कोणापाशी, तर जी त्याचा जबडा उघडून आत आरसा घालते तिच्यापाशी. मी जळले. दुसरा शब्द नाही त्याला.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“छान शिकवता तुम्ही ताई. घरी इतकं गोड नाही बोलत.”

“आमचे चिरंजीव येऊन गेले का एवढ्यात तुझ्याकडे?”

“आले होते ना. खालची तार बदलली.”

“गप्पाबिप्पा मारतो का काही?”

“तोंडात माझी बोटं असतात ताई, गप्पा कसल्या मारतोय,” ती म्हणाली आणि माझ्या डब्यातली काकडी उचलून खाऊ लागली.

इतकी निवांत. तिच्या पोटात काही राहतं हेच मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, आणि राहायला लागलं ते नेमकं माझ्या मुलाचं. तिथे माझं डोकं फिरलं.

दुपारी आमच्याकडे दोन खुर्च्यांचा सराव असतो. एका खुर्चीत शिकायला आलेल्यांपैकी कोणीतरी बसतं, ते डॉक्टर. दुसरीत मी बसते, तरुण पेशंट होऊन. तो पेशंट मी आधी मनाने रचून आणते. त्याचा एक नियम मी प्रत्येक तुकडीला सुरुवातीलाच सांगते, खुर्चीत खरा माणूस आणायचा नाही. ओळखीचा नाही, नात्यातला नाही, केंद्रात येणारा तर नाहीच. ज्याची गोष्ट आहे त्याने ती आपल्याला वापरायला दिलेली नसते. त्या दिवसासाठी मी हॉस्टेलमध्ये राहणारी एक मुलगी रचली होती. तिला दिलं सोडून, आणि जाऊबाईंना समोर बोलावलं.

मी बसले ती माझ्या मुलासारखी. बाही ओढून तळहातावर घेतली, एक पाय खुर्चीच्या पायाला गुंडाळला, आणि वरचा ओठ दातांवर ओढून बोलायला लागले, तार लावल्यापासून तो बोलतो तसं. तिने ओळखलं. तिची मान एकदम ताठ झाली त्यावरून मला ते कळलं. पण सराव सुरू झाला की पेशंट ‘थांबा’ म्हणेपर्यंत उठायचं नाही, हाही माझाच नियम.

“काय होतंय तुला?” तिने विचारलं.

“झोप येत नाही.” मी हॉलकडे बघितलं नाही. “आणि एक सांगायचंय. मला मुलं आवडतात.”

आता ही चुकणार, सगळ्यांच्या देखत चुकणार, असं मला वाटलं. खरं म्हणजे मला ते हवंच होतं. तिने खुर्ची थोडी पुढे ओढली. मग हळूच म्हणाली, “घरी कोणाला माहीत आहे?”

“आई डॉक्टर आहे.”

“ते नाही विचारलं मी.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

“आईला सांगितलेलं नाही,” मी म्हणाले. “का नसेल सांगितलं? तुम्हाला काय वाटतं?”

हा माझा डाव होता. पेशंटने थेट विचारलं की डॉक्टरला काहीतरी बोलावंच लागतं, आणि ती जे बोलेल ते त्याच्याकडून ऐकलेलं असणार. दातवालीच्या तोंडून मी ते बाहेर काढणार होते.

“मला कसं ठाऊक असणार,” ती म्हणाली. “तूच सांग. आई कशी वाटते तुला?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्याच्याच आवाजात बोलत राहिले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. “चांगली आहे. तिला सगळं समजतं. मी तोंड उघडायच्या आतच तिचा चेहरा समजूतदार होऊन बसलेला असतो.” लोक हसले. “मी सांगितलं की ती म्हणणार, तू मला सांगितलंस, मला फार बरं वाटलं.” आता चांगलाच हशा पिकला, कारण ते वाक्य सकाळी मीच फळ्यावर लिहून दिलं होतं. जाऊ हसली नाही. मी “थांबा” म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, “मॅडम, अगदी हुबेहूब. माझा भाचा असाच बसतो.”

चहाच्या वेळी तिने मला दंडाला धरून जिन्यात नेलं. तिला इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती.

“काय केलंत तुम्ही हे, ताई?”

“कोणालाही कळलेलं नाही तिथे.”

“मला कळलं. तुम्हाला कळलं. तेवढं बास नाही का?”

“त्याने काय सांगितलं तुला?”

“ते मी सांगणार नाही.”

“मी आई आहे त्याची.”

“मग त्याला विचारा. सकाळपासून तुम्ही आम्हाला दुसरं काय शिकवताय?” ती एक पायरी खाली उतरली आणि परत वर आली. “आणि आजचं हे मी त्याला सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आजच. पुढच्या वेळी तो माझ्या खुर्चीत येईल तेव्हा मला त्याच्यापाशी मुखवटा घालून बसायचं नाहीये.”

माझ्याच केंद्राच्या जिन्यात माझीच शिकवणी कोणीतरी घेत होतं. तिचं बरोबर होतं म्हणून मला तिचा आणखीच राग आला. बाकीची दुपार मी कशीबशी रेटली.

आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती खालच्या मजल्यावर आणि मी वर. मुलाच्या बाबांची नोकरी बाहेरगावी, ते शनिवार-रविवार येतात, त्यामुळे एरवी घरात आम्ही दोघंच. मी आले तेव्हा तो स्वयंपाकघरात सफरचंदाच्या बारीक बारीक फोडी करत होता. तारेमुळे त्याला सफरचंदाचा सरळ लचका तोडता येत नाही.

“मी आज एक घाण केली,” मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. बाही, पाय, ओठ, काही सोडलं नाही.

त्याने सुरी खाली ठेवली. “सगळ्यांसमोर?”

“नाव नाही घेतलं.”

“मुलं आवडतात, तेही म्हणालीस?”

“हो.”

“माझ्यासारखं बसून.”

“हो.”

त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो फोडींकडे बघत बसला. त्या काळ्या पडायला लागल्या होत्या.

“काकूला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडात कापूस होता,” तो म्हणाला. “तिला काही कळेचना, दोनदा सांगावं लागलं. मग म्हणते कशी, हात्तिच्या, मला वाटलं सिगारेट ओढायला लागलास.” त्याला हसू येत होतं, ते त्याने दाबलं. “तिला काहीच माहीत नव्हतं गं. म्हणून जमलं. तुझ्यासमोर वाटतं, तू पेपर आधीच तपासून बसलीयेस.”

मी सुरी उचलून धुवायला घेतली.

“तुला सांगायचं कसं, हेच विचारायला जात होतो तिच्याकडे. तार तर अर्ध्या तासात होते. या शनिवारी सांगणार होतो, बाबा यायच्या आधी. फक्त तुला.”

“मग सांग ना,” मी म्हणाले. “आत्ता सांग. मी काही बोलणार नाही.” माझा आवाज मलाच ओळखू येईना. मी चक्क गयावया करत होते.

“आता काय सांगू?” तो म्हणाला. “तू बोलून टाकलंस ते.”

त्याने मला काही सांगितलंच नव्हतं, तर बरं कशाचं वाटून घेणार? जिची कधीची वाट पाहत होते ती गोष्ट मी भर हॉलमध्ये, जावेवर कुरघोडी करायला, स्वतःच उधळून आले होते. त्याच्याकडे मला द्यायला ती आता उरली नव्हती.

“काकूला बोलाव,” तो म्हणाला.

“मी आहे ना रे.”

“काकूला बोलाव, आई.”

मी फोन लावला. “वर ये,” एवढंच म्हणाले. ती आली ती पायात दिराच्या चपला घालून. माझ्याकडे न बघता सरळ त्याच्या खोलीत गेली आणि दार लागलं. आधी काही ऐकू आलं नाही. मग तो रडायला लागला. लहानपणानंतर मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. मी दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि काढून घेतला. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती काय बोलत असेल, मला सुचलं नसतं असं काय बोलत असेल, याचाच विचार करत मी तिथे उभी होते. बऱ्याच वेळाने तो कशाला तरी हसला.

तिचा असा हेवा वाटला की काहीतरी फोडावं. मी जाऊन चहा टाकला. दातांची डॉक्टर असून तिला चहात रग्गड साखर लागते, ती घातली. दोन कप भरले आणि कोपराने दारावर टकटक केलं.

“बाहेरच ठेव,” आतून तो म्हणाला.

मी कप जमिनीवर ठेवले.