कावूचं दूध

"वैनी, काटा जागचा हलंनाच की ओ," अंगणवाडीच्या सविताताई झोळीत टांगलेल्या बाळाकडं बघत म्हणाल्या. "मागल्या खेपेला होतं तेवढंच वजन हाय."

झोळीतला तीन महिन्यांचा जीवन मूठ चोखत होता. उत्तरानं वाकून काटा पुन्हा बघितला. तेवढ्यात कडेवरची थोरली, अजून दोन वर्षांचीही न झालेली कावेरी, तिच्या पदराखाली हात घालून चाचपायला लागली.

"बघा, सगळं हितं चाललंय," सविताताई हसल्या. "आधी धाकट्याला पोटभर पाजा. मग उरलं तर ताईसाहेबाला."

उत्तरा बी.एस्सी. झालेली. हे तिनं मोबाईलवर कधीच वाचलं होतं. पण वाचलेलं कावूला कोण सांगणार? बाळाला जवळ घेतलं की ही दुसऱ्या अंगानं हजर. ढकललं की जमिनीवर लोळण. आणि एक गोष्ट उत्तराला कुणाजवळ बोलता येत नव्हती. कावू पिता पिता वर बघायची, तिच्या गळ्यातले काळे मणी बोटांत फिरवत राहायची, आणि दिवसभर उरात धडधडणारी धास्ती तेवढ्यापुरती निवायची.

घरी सासूबाई, बायनाबाई, ओसरीवर तूर पाखडत होत्या. वजनाचं ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"दोघं वढायलेत एकीला. तिथं काय विहीर हाय का? कडूलिंबाचा पाला वाटून अंगाला लाव. दोन दिवस रडंल, मग इसरंल. तुह्या नवऱ्याला म्या असंच तोडलं."

"फसवायचं का आत्या तिला?"

"फसवायचं काय त्यात? घोडी झाली की! न्हाई तोडलं तर लग्नाच्या मांडवात पदर वढंल तुहा."

उत्तराला हसू आलं आणि ओठावरच विरलं. नवरा परमेश्वर गंगाखेडच्या शाळेवर मास्तर. मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. "आई म्हणायलीय तसं कर ना. पोरगं सुकायलंय." कावूच्या वेळी काट्याची चौकशी करायला असा फोन कधी आला नव्हता. पण हे मनात येत असतानाही बाळाच्या काडीसारख्या मांड्या तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

दुपारी तिनं खलबत्त्यात पाला कुटला. मिक्सर लावला असता तर आवाजानं कावू धावत आली असती. हिरवा चोथा अंगाला लावताना तिनं देवाकडं पाठ केली.

"आई, दुदू." कावू सवयीनं मांडीवर चढली, पदर सारला, तोंड लावलं आणि थबकली. जीभ बाहेर काढून तळहातानं पुसली. आता भोकाड पसरणार म्हणून उत्तरा श्वास रोखून बसली.

कावू रडली नाही. त्या हिरव्या लेपाकडं तिनं वाकून बघितलं, मग आईच्या तोंडाकडं.

"आईला बाऊ?"

"हं," उत्तराच्या तोंडून निघून गेलं. "बाऊ झालाय."

कावूनं गाल फुगवून फुंकर घातली, थुंकीसकट. पुन्हा घातली. मग पदर दोन्ही हातांनी ओढून जपून झाकला. तोंड कडूजहर झालं असेल, पण तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही.

"बघ, रडली बी न्हाई," बायनाबाई दारातून म्हणाल्या. "गुणाची गं माही बाय."

थोड्या वेळानं बाळ उठलं. उत्तरानं न्हाणीत जाऊन अंगावरचा लेप साबणानं खसाखसा धुतला आणि आतल्या खोलीत त्याला पाजायला बसली. कावू पळत आली.

"नको बाल! आईला बाऊ!" तिनं बाळाचा पाय धरून ओढला. बाळाचं तोंड सुटलं, ते किंचाळलं.

"सोड त्याला, कावू!" उत्तरा ओरडली.

कावूनं पाय सोडला. या झटापटीत पदर घसरला होता. हिरवं काहीच नव्हतं. बाळ पुन्हा चिकटलं आणि घटाघटा प्यायला लागलं. कावू ते बघत उभी राहिली. मग तिनं वर आईकडं बघितलं. उत्तरानं मान खाली घातली.

त्यानंतर कावूनं दूध मागितलं नाही. वाटीत कुस्करलेली दूध-भाकर खायची आणि आजीजवळ झोपायची. "दोन दिस कशाचे, त्याच दिवशी इसरली," बायनाबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या. पोरगी विसरली असती तर उत्तराला सोसलं असतं.

महिन्यानं काटा हलला. "आता कसं! बाळसं धरायलंय," सविताताई म्हणाल्या. बायनाबाईंनी घरी येऊन देवापुढं साखर ठेवली. उत्तराचाही जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोला.

त्या दुपारी ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत बसली. कावू तिथंच फरशीवर वाट्या मांडून खेळत होती.

"ये ना गं, बस माझ्याजवळ." उत्तरानं मोकळ्या हातानं मांडी थोपटली.

कावूनं बाळ पदराआड गेलेलं बघितलं. वाट्या एकात एक घालून पोटाशी धरल्या आणि उठली. उंबरा ओलांडून तिनं वाट्या खाली ठेवल्या. कडीला हात पुरत नव्हता. मग दाराची कड खालच्या अंगाला दोन्ही हातांनी धरून, आवाज होऊ न देता, तिनं ते हळूहळू लावून घेतलं.