मी कमी दाखवत नव्हते

मी एक जुनी मोजपट्टी आहे. साठ इंचांची, कापडी, दोन्ही टोकांना पितळी पत्रा असलेली. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळूच उसासा टाकतात, असं तुम्ही वाचलं असेल. मला उसासा येत नाही. मला राग येतो, आणि तो का येतो तेच आज सांगणार आहे.

एका लहान कारखान्यात पांढऱ्या फितीवर काळे आकडे छापून मला तयार केलं. तिथून मी सुया-दोऱ्यांच्या दुकानात आले आणि तिथून एका शिंप्याच्या गळ्यात. आमच्या गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दुकान म्हणजे एकच खोली. दोन शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, उभा आरसा आणि कपडे अडकवायला भिंतीवर खुंट्या. एका मशीनवर मास्तर बसतात, दुसऱ्यावर त्यांची मुलगी. गेली एकवीस वर्षं मी या गल्लीतल्या कंबरा मोजते आहे. पोस्टमनची ढेरी कशी वाढत गेली, हे त्याच्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंच्या पांढऱ्या कोटांची मापंही मीच घेतली आहेत.

मास्तरांचे दोन नियम होते. पहिला, शिवणीत माया ठेवायची, म्हणजे आतलं जास्तीचं कापड कधी कापून टाकायचं नाही. माणूस जाड होतो, बारीक होतो, कापडाला जागा हवी. दुसरा नियम स्वतःसाठी होता. शिंप्याचे कपडे अंगावर बेतल्यासारखे बसलेच पाहिजेत. "माझीच पँट ढगळ दिसली तर गिऱ्हाईक माझ्याकडे कशाला येईल?" असं ते म्हणत. मला हा नियम फार आवडायचा. आता त्याच नियमाची आठवण झाली की अंगावरचे साठही आकडे तापतात.

मास्तर एकसष्ट वर्षांचे असताना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रक्त तपासलं आणि त्यात साखर निघाली. त्यांच्या घराण्यात कोणाला मधुमेह नव्हता. अंगानेही ते बेताचेच. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं. मास्तरांनी चहातली साखर त्या दिवसापासून बंद केली. माणूस शब्दाचा पक्का.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी दुपारी दुकानाचं दार अर्धं लोटलं, मला स्वतःच्या कंबरेभोवती गुंडाळलं आणि पाहिलं. छत्तीसच्या जागी पस्तीस. लगेच पँट उलटी करून मागच्या शिवणीच्या आत आणखी एक टीप मारली. पाच मिनिटांचं काम. जुनी टीप उसवायचीही गरज नव्हती. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग पुन्हा.

लोकांनी तर कौतुकाचा नुसता धोशा लावला. शेजारचा औषधवाला म्हणाला, "वा मास्तर, वजन काय उतरवलंय. याला म्हणतात पथ्य." मास्तर खूश. पण मला माहीत होतं की पथ्य केलेला माणूस ताजातवाना दिसतो आणि हा माणूस संध्याकाळी कात्री उचलताना दमतो. पाठीत, पोटाच्या बरोबर मागे, दुखतं म्हणून उशी घेऊन बसतो. "वाकून वाकून पाठ धरते," असं म्हणून ते मोकळे व्हायचे. हत्तीच्या पावलांनी येणारं दुखणं माणसं ओळखतात. हे मुंगीच्या पावलांनी येत होतं, माझ्या अंगावरून, एकेका इंचाने. मी काय करणार? मला आकडे आहेत, तोंड नाही.

चौथ्या महिन्यात साखर कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मास्तर मला गळ्यात तशीच ठेवून रस्ता ओलांडून दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंचा वजनकाटा त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता. त्यांनी विचारलं, "मास्तर, वजन उतरलंय का? कपडे सैल होतायत का?"

मास्तरांनी अगदी खरं उत्तर दिलं. "माझे कपडे? बाई, उभ्या जन्मात सैल झाले नाहीत."

डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी गोळी वाढवून दिली. मित्रांनो, त्या क्षणी मी त्या दोघांच्या मधोमध लोंबत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढच्या खेपेला मी साडेबत्तीस दाखवले. मास्तरांनी दोनदा मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल, असं मला वाटलं. ते म्हणाले, "टेप जुनी झाली. ताणली गेलीय. कमी दाखवते."

जुनी फीत ताणली की माप कमी येतं, हे खरं आहे. पण मी ताणले गेले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांनी मला तुटक्या बटणांच्या खणात टाकलं आणि नवी पिवळी टेप आणली. तिनेही साडेबत्तीसच दाखवले. मग म्हणाले, "म्हणजे पथ्य चांगलंच लागू पडलं." मी खरी ठरले होते, तरी कोणी मला बाहेर काढलं नाही. खणात पडून मी त्यांचं मशीन हळूहळू संथ होत गेलेलं ऐकत राहिले.

एके दिवशी सकाळी मास्तरांना मशीनवर बसवेना. त्यांनी आपली पँट मुलीपुढे टाकली. "अगं, मागून अर्धा इंच आत घे. माझ्याने होत नाही आज." आणि नवी टेप गळ्यात तशीच ठेवून ते बाकावर आडवे झाले.

मुलीने पँट उलटी केली आणि तिचे हात थांबले. आत पाच टिपा होत्या, एकीच्या शेजारी एक. पहिली मूळची, काळ्या दोऱ्याची, पुढच्या निळ्या, तपकिरी, मशीनवर त्या दिवशी जो दोरा असेल त्याच्या. मास्तरांनी माया कधी कापली नव्हती, म्हणून सगळं जसंच्या तसं आत राहिलं होतं. तिने खण उघडला आणि मला काढलं. पहिल्या टिपेपासून शेवटच्या टिपेपर्यंत पावणेदोन इंच भरले. दोन्ही बाजूंचे मिळून साडेतीन.

"बाबा, हे कधीपासून?"

"साखरेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून. पाच महिने झाले असतील."

"आणि तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं त्यात? पँट नीट बसत होती ना."

ती पँट आणि मला घेऊन सरळ दवाखान्यात गेली आणि पँट डॉक्टरबाईंच्या टेबलावर उलटी पसरली. डॉक्टरबाईंनी पाची टिपांवरून बोट फिरवलं.

"मी विचारलं होतं त्यांना, कपडे सैल होतात का," त्या म्हणाल्या.

"त्यांनी सैल होऊच दिले नाहीत."

"काटा नव्हता म्हणून मी विचारण्यावर भागवलं. चुकलं माझं." मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मधुमेह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, तेव्हा उगाच घाबरायचं नाही. वर्षानुवर्षं मधुमेह असेल तर धोका थोडा वाढतो, इतकंच. पण पन्नाशीनंतर अचानक साखर निघाली आणि वजन आपोआप उतरायला लागलं, तर स्वादुपिंड तपासावं लागतं. साखर आवरणारं इन्सुलिन तिथेच तयार होतं. कधीकधी तिथे कॅन्सरची गाठ असते आणि तिचा पहिला निरोप साखर म्हणून येतो.

पोटाचा स्कॅन झाला. गाठ होती. मोठ्या इस्पितळातले सर्जन म्हणाले, "आज काढता येणार नाही, रक्तवाहिनीला टेकलीय. आधी औषधं देऊ, ती आकसली तर ऑपरेशन." मुलीने विचारलं, दोन-तीन महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "कदाचित." मित्रांनो, हा शब्द मला अजून छळतो. तीन महिन्यांपूर्वी मी चौतीस दाखवले होते.

आता औषधांच्या तीन फेऱ्या झाल्या आहेत, तीन बाकी आहेत. मी पुन्हा मास्तरांच्या गळ्यात आहे आणि पिवळी टेप मुलीच्या. दर सोमवारी मुलगी त्यांची कंबर मोजते. गेले दोन सोमवार मी एकतीसवर थांबले आहे. गाठ आकसली का, ते मला सांगता येत नाही. माझं काम बाहेरून मोजायचं.

मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. घरात कोणाची पँट आत घ्यायला दिलीत तर आधी विचारा, मुद्दाम बारीक झालात की आपोआप? आणि काही मोजलंत, तर ते आकडे एकदा तरी डॉक्टरांना दाखवा.

परवा मुलगी मास्तरांना म्हणाली, "बाबा, पँट घसरतेय. द्या, आत घेते."

"नको," मास्तर म्हणाले. त्यांनी कापडाची एक पट्टी कंबरेला बांधली आणि दारातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

तेवढ्यात पोस्टमन आला. "काय मास्तर, तुमचे कपडे आणि असे ढगळ?"

"बस," मास्तर म्हणाले. "सांगतो."