हॅटवाल्याचा प्रश्न

भाऊराव ढोक्यांचं उभ्या आयुष्यात कोणाशी वैर नव्हतं. साठी उलटल्यावर मात्र एक वैरी मिळाला, आणि तोही अमेरिकेतला, काळापांढरा, मरून पन्नास-साठ वर्षं झालेला. डोक्यावर तिरकी हॅट, कोटाची कॉलर वर, ओठात सिगारेट. सिनेमाचं नाव बदलायचं, नट बदलायचा, पण हॅट तीच आणि गत तीच. बाईच्या नादी लागायचं आणि शेवटी गोळी खायची नाहीतर तुरुंगात जायचं. अशा माणसावर आपली बायको सत्तावन्नाव्या वर्षी जीव टाकते, हे भाऊरावांच्या पचनीच पडेना.

हे घरात घुसलं ते अभिजीतमुळे. पोरगा पुण्याला नोकरीला. आईबापाला करमत नसेल म्हणून त्यानं नेटवर चालणारा मोठा टीव्ही पाठवला. चंद्रकलाबाईंनी आधी भजनं पाहिली, मग लोणच्याच्या पाककृती पाहिल्या, आणि एका दुपारी काय बोट लागलं कोण जाणे, पडद्यावर पाऊस, रस्त्यावरचा दिवा आणि त्याखाली हा बाबा. तेव्हापासून दुपारचे दोन वाजले की बाई टीव्हीसमोर.

"अवं, हा तर खुनी आहे," भाऊराव म्हणायचे.

"हाव."

"अन ते बाई खोटारडी आहे."

"हाव ना."

"मग काय पाहून राहिली तू त्यात? इंग्रजी तरी समजते का तुले?"

"समजाले काय लागते जी? त्याचा चेहरा पाहा ना."

भाऊरावांनी पाहिला. दाढ दुखणाऱ्या माणसासारखा चेहरा होता. त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला, तरी दाढच दुखत होती.

त्यांचं काय चुकलं होतं सांगा. पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. विडी नाही, तंबाखू नाही, सहाच्या ठोक्याला घरी. बायकोला कधी वर आवाज नाही. "मी आमच्या घरच्यांवर कधी शंका घेतली नाही," असं ते ऑफिसात छाती पुढे काढून सांगत, आणि ते खरंही होतं. आणि पदरात काय पडलं? तर दुपारी दोन ते चार स्वतःच्याच घरात उपऱ्यासारखं बसणं.

मग त्यांनी कुरकूर लावली. आवाज मोठा आहे, बातम्या पाहायच्या आहेत, पडदे लावून दिवसाढवळ्या अंधार करणं घराला बरं नाही. दिवाळी झाली आणि एक दिवस चंद्रकलाबाईंनी काही न बोलता रिमोट त्यांच्या हातात दिला. भाऊरावांना वाटलं, जिंकलो. त्याच आठवड्यापासून बाई दर बुधवारी सौंसरला बहिणीकडे जाऊ लागल्या. सकाळी दहाच्या बसनं जायचं, संध्याकाळी परत. जाऊ दे, बहीण आहे. भाऊरावांनी काही विचारलं नाही.

पाच बुधवार गेले. एका सोमवारी त्याच बहिणीचा, अर्चनाचा, फोन आला.

"भाऊजी, ताई कशी आहे? दिवाळीपासून तोंड नाही पाहिलं तिचं. एवढी कायची नाराजी?"

"बरी आहे," असं म्हणून भाऊरावांनी फोन ठेवला आणि तिथंच पलंगावर बसले. आधी राग आला. मग हसू आलं, कारण गुडघे धरून जिना चढणाऱ्या बाईबद्दल भलतंसलतं मनात यावं हेच हास्यास्पद होतं. आणि मग भीती वाटली. साधी, निखळ भीती. आपली बायको दर आठवड्याला एक अख्खा दिवस कुठेतरी जगून येते आणि त्या दिवसात आपण नाही, हे त्यांना सहन होईना.

विचारायला काय हरकत होती? समोरच तर होती. मंगळवारी संध्याकाळी ती मेथी निवडत असताना ते मुद्दाम पाट ओढून बसले.

"ते…"

"काय?"

"मेथी कवळी आहे."

साऱ्या गावाला त्यांनी बत्तीस वर्षं विचारलं होतं, नाव काय, ठिकाण कोणतं, वेळ किती. पण तिथं छापील रकाने होते. बायकोचा फॉर्म कोणी छापलेला नव्हता. स्वतःवरच चिडून त्यांनी अर्धी जुडी काड्यांसकट निवडली आणि बोलणी खाल्ली.

बुधवारी बाई दहाच्या बसनं गेल्या. भाऊरावांनी अभिजीतचा जुना काळा गॉगल लावला, त्याची टोपी कपाळावर ओढली, मफलर गुंडाळला आणि सौंसरची मागची बस गाठली. हॅटवाला एवढ्यावर अख्खं शहर फिरतो आणि कोणी ओळखत नाही. इथं स्टँडवरच पहिला आवाज आला.

"राम राम ढोकेबाबू! डोळे आले का जी?"

बसमध्ये एकानं उठून जागा दिली. त्याच्या दोन्ही पोरांचे दाखले बाबूंनीच काढून दिले होते म्हणे, आणि हे त्यानं सौंसर येईपर्यंत साऱ्या बसला ऐकवलं. भाऊराव गॉगलच्या आत डोळे मिटून बसले. असल्या मुलखात कोण कोणाचा पाठलाग करणार?

सौंसरला उतरले तर संत्र्यांच्या ढिगामागून एक बाई ओरडली, "बाबूजी, लेट झाले तुम्ही! वहिनी कवाच्या गेल्या पुढं."

"कोण वहिनी?"

"तुमच्याच. पुष्पा नर्सबाईच्या घरी. दर बुधवारी माह्याजवळूनच तर किलोभर संत्रं नेतात."

भाऊरावांचं अंग तापलं. जी गोष्ट शोधायला ते वेष पालटून निघाले होते, ती अख्ख्या बाजाराला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त त्यांना.

पुष्पा नर्सबाई त्यांच्या ओळखीच्या. नोकरीत असताना बाळंतपणांच्या चिठ्ठ्या घेऊन ऑफिसात यायच्या, आता निवृत्त होऊन सौंसरला एकट्या राहत. घर सापडायला वेळ लागला नाही. भर दुपारी पडदे लावलेले, खिडकीची एक झडप किलकिली. भाऊराव तिथं चोरासारखे उभे राहिले.

आत चार बायका, मधे संत्र्याच्या सालींचा ढीग, आणि भिंतीवरच्या टीव्हीत तोच. दाढ दुखणारा. दाराला टेकून उभा होता. समोर एक बाई आरशात पाहून केस विंचरत होती. त्यानं काहीतरी विचारलं, तिनं मान न वळवता उत्तर दिलं.

"थांब पुष्पा, मागं घे. पुन्हा लाव," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

पुष्पाबाईंनी पुन्हा लावलं. त्यानं पुन्हा विचारलं.

"काय म्हणते वो तो?" एकीनं विचारलं.

"काल कुठी गेली होती, असं विचारते," चंद्रकलाबाई त्याचा चेहरा वाचून म्हणाल्या. "अन ते सांगते बहिणीकडे. खोटं सांगून राहिली."

"अन त्याले माहीत नाही?"

"त्याले सगळं माहीत आहे. माहीत असून विचारते. तेच तर पाहाचं असते बाई. त्याले तिच्या तोंडून ऐकाचं आहे." मग हातातलं साल ढिगावर टाकत त्या म्हणाल्या, "आमच्या घरी नाही विचारत कोणी. सहावा बुधवार आहे हा. बहिणीकडे जाते म्हणून सांगते. मले वाटलं, एखाद्या दिवशी तरी विचारतीन. अर्चना कशी आहे, एवढं तरी. नाही. माह्यावर भरवसा आहे म्हणतात. भरवसा कायचा? आलमारीवर असते तसा. आलमारी कुठं जाते?"

बायका हसल्या. चंद्रकलाबाईही हसल्या, आणि ते हसणं भाऊरावांना फार लागलं. चारचौघींत घरची गोष्ट सांगायची? मी काय तुला उपाशी ठेवलं? आत जाऊन टीव्हीचं बटण दाबावं, सगळ्यांसमोर जाब विचारावा, असं त्यांच्या मनात आलं. पण जाब तरी कशाचा विचारणार? बोलली त्यातला एक शब्द खोटा नव्हता. ते पाय न वाजवता गेटबाहेर आले आणि बसस्टँडच्या बाकावर जाऊन बसले. तिथं त्यांनी तीन ओळखीच्या माणसांना डोळे आले नसल्याचं सांगितलं.

चारच्या सुमाराला बाई आल्या.

"तुम्ही? इथं?"

"काम होतं. तहसिलीत."

कसलं काम, हे त्यांनीही विचारलं नाही. बस लागली. दोघं शेजारी बसले, बाई खिडकीशी. बाहेर कापसाची शेतं, वेचणाऱ्या बायका, मग संत्र्याचे बगीचे. भाऊराव प्रश्न तोंडात धरून बसले होते. मोहगावचा फाटा गेला, तरी तोंड उघडेना. तो मेला हॅटवाला दाराला टेकून किती सहज विचारतो! यांना टेकायला पुढच्या सीटचा दांडा होता. त्यांनी तो घट्ट धरला.

"कुठी गेली होती?"

आवाज नको तेवढा मोठा निघाला, अगदी ऑफिसातल्या खिडकीतून निघायचा तसा. पुढच्या दोघांनी वळून पाहिलं. चंद्रकलाबाई सावकाश त्यांच्याकडे वळल्या.

"कोणी काही सांगितलं का तुम्हाले?"

"नाही."

"मग आज कसं विचारून राहिले?"

"असंच."

 बाई सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहून, पापणी न हलवता म्हणाल्या, "बहिणीकडे."

भाऊरावांच्या जिभेवर सगळं आलं. फोन, संत्रेवाली, खिडकी, आलमारी. ओरडून सांगावं, मला माहीत आहे सगळं! पण ते गिळून त्यांनी विचारलं, "कशी आहे अर्चना?"

"बरी आहे. तुमची आठवण काढून राहिली होती." बाईंनी पदर सारखा केला आणि लग्नाच्या एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. "अन तुम्ही? तहसिलीत कायचं काम होतं?"

"दाखला काढाचा होता एक."

"कोणाचा?"

हजारो दाखले लिहिलेल्या भाऊरावांना एक नाव सुचेना.  बाईंना उत्तराची काही घाई नव्हती. खिडकीबाहेरचे बगीचे मागे सरत होते, आणि त्या बाहेर न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसल्या होत्या.